पद्मिनीच्या इंजिनाचे भाग: जुना रंग उतरवणे आणि नवा चढवणे

मुंबईत नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदवली गेली आणि टॅक्सीला घालून दिलेली २० वर्षांची मर्यादा संपताच, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर, काळ्या-पिवळ्या रंगातील ही गाडी शहराच्या रस्त्यांवरून कायमची नाहीशी झाली. आता ज्या पद्मिनी दिसतात त्या खासगी मालकांनी हौसेने जपलेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींचे डेंटिंग-पेंटिंग चांगले झालेले असते. बॉनेट उघडल्यावर मात्र निराळे चित्र दिसते. तेल आणि धूळ यांचा थर तसाच ठेवून त्यावर कोणीतरी चंदेरी रंगाचा हात मारलेला असतो, तो पापुद्र्यांनी सुटत असतो आणि त्याखाली गंज आपले काम शांतपणे करत असतो. इंजिनाचे भाग नीट खरवडून रंगवण्याचे काम घरच्या पार्किंगमध्ये, मोजक्या साधनांनी करता येते. त्यात रंग मारायला लागणारा वेळ सर्वांत कमी असतो. खरे कष्ट धातू ओळखण्यात आणि तो स्वच्छ करण्यात आहेत, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

पुढील विवेचन पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. परंतु अँबॅसडर, जुनी जीप किंवा परदेशी बनावटीची कोणतीही जुनी गाडी असली तरी पद्धत हीच राहील, फक्त कोणता भाग कोणत्या धातूचा आहे हे नव्याने तपासावे लागेल. इंजिन उतरवून पूर्ण उघडायचे नसेल तर टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण), एअर क्लीनरचा डबा, पंखा, पुली आणि डायनॅमोचे ब्रॅकेट एवढेच भाग काढून काम सुरू करावे. पहिल्यांदा करणाऱ्याने तर एवढ्यावरच थांबावे असे माझे मत आहे.

धातू ओळखणे

पहिले साधन म्हणजे एक साधे लोहचुंबक. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य अंग, बिडाचा आहे आणि त्याच्यावर बसणारे हेड अॅल्युमिनियमचे आहे. उलट, अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असतात. म्हणजे अँबॅसडरच्या हेडवर वर्षानुवर्षे हात बसलेला मिस्त्री ज्या पद्धतीने ते साफ करतो, तीच पद्धत पद्मिनीच्या हेडला लावली तर हेड वाया जाऊ शकते. पुली, पंखा आणि तेलाचे चेंबर हे सहसा पत्र्याचे किंवा पोलादाचे असतात, तर कार्ब्युरेटर व पेट्रोल पंपाचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही. प्रत्येक भागाला चुंबक लावून पाहावा आणि सुट्या भागांचे दोन ढीग करावेत: चुंबक धरणारे आणि न धरणारे. हे दोन ढीग शेवटपर्यंत एकत्र होऊ देऊ नयेत.

असे करण्याचे मुख्य कारण कॉस्टिक सोडा आहे. शहरातील अनेक इंजिन दुरुस्तीच्या गाळ्यांत गरम कॉस्टिकची टाकी असते आणि भाग धुवायला दिले की ते त्यात सोडले जातात. बीड आणि पोलादासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण कॉस्टिक जुना रंग, ग्रीस आणि जळके तेल एकाच वेळी काढते आणि लोखंडाला इजा करत नाही. मात्र अॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळते, त्यातून पेट घेऊ शकणारा हायड्रोजन वायू सुटतो आणि थोड्याच वेळात पॅकिंग (दोन भागांमधील गळती रोखणारा थर) बसण्याची, घासून गुळगुळीत केलेली बाजू खडबडीत व काळी होते. जस्ताच्या मिश्रधातूचीही हीच गत होते. त्यामुळे हेड किंवा इनलेट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोलचे मिश्रण इंजिनात नेणारा भाग) बाहेर धुवायला देताना टाकीत काय आहे हे तोंडी विचारून घ्यावे आणि भागावर ‘अॅल्युमिनियम’ अशी चिठ्ठी तारेने बांधावी.

खोलण्यापूर्वी

एकही नट सैल करण्याआधी भरपूर छायाचित्रे काढून ठेवावीत. वायरिंग कुठून जाते, पेट्रोलची नळी कोणत्या क्लिपमध्ये बसते, कोणता बोल्ट लांब आणि कोणता आखूड, हे सर्व त्या वेळी लक्षात राहील असे वाटते आणि पंधरवड्यानंतर त्यातले काहीही आठवत नाही. पुठ्ठ्यावर भागाची बाह्यरेषा काढून तिच्यावर त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवणे हा जुन्या मिस्त्र्यांचा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

मूळ रंग कोणता होता हे शोधण्याची वेळही हीच. ब्रॅकेटच्या मागे, नटांच्या वॉशरखाली किंवा कारखान्याने बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली पहिल्या रंगाचा तुकडा बहुधा शाबूत असतो, कारण तिथे ऊन, तेल आणि नंतरच्या रंगाऱ्यांचे ब्रश पोहोचलेले नसतात. तो तुकडा ओल्या फडक्याने पुसून उजेडात पाहावा आणि रंगाच्या दुकानात मिळवून घ्यावा. छायाचित्रावरून रंग मिळवू नये, कारण पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रातील करडा रंग प्रत्यक्षात हिरवट निघतो.

याच टप्प्यावर आरोग्याची एक बाब सांगणे भाग आहे. जुन्या गाड्यांच्या हेडच्या आणि एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. असे पॅकिंग कोरडे असताना वायरब्रश किंवा ग्राइंडरने कधीही घासू नये. ते पाण्याने किंवा तेलाने चांगले भिजवून बोथट पट्टीने सोलून काढावे आणि ओलेच पिशवीत बंद करावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगही शक्यतो ओला असतानाच घासावा, आणि घरात लहान मुले असतील तर त्या कपड्यांनिशी घरात जाऊ नये.

तेल काढणे

रंग उतरवण्याआधी तेल काढायचे असते आणि हा क्रम बदलू नये. तेलकट भागावर वायरब्रश फिरवला की तेल निघत नाही, ते बिडाच्या बारीक छिद्रांत आणखी खोल जाते आणि नव्या रंगाला महिन्याभरात फोड येतात. जाड थर आधी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, मग रॉकेल किंवा डिझेलमध्ये भाग भिजवून जुन्या ब्रशने घासावा. पेट्रोल वापरू नये. गॅरेजमध्ये ते सर्रास वापरले जाते हे खरे, परंतु इमारतीच्या तळमजल्यावरील बंदिस्त पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि मीटरबॉक्समधील एक ठिणगी तिला पुरते.

रॉकेलनंतर भागावर तेलाचा पातळ पापुद्रा उरतोच. तो गरम पाणी आणि भांड्यांचे साबणपाणी किंवा धुण्याचा सोडा यांनी घालवावा. अॅल्युमिनियमसाठी सोडा टाळून केवळ सौम्य साबण घ्यावा. काम पुरे झाले की नाही हे पाहण्याची खात्रीची परीक्षा अशी आहे: भागावर स्वच्छ पाणी ओतावे. पाण्याचा पापुद्रा सलग पसरून राहिला तर भाग स्वच्छ आहे, पाणी फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. ही परीक्षा सर्व बाजूंनी उत्तीर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नये. मळलेले रॉकेल आणि जुने तेल गटारात ओतू नये, डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याला द्यावे.

रंग आणि गंज उतरवणे

येथे चार मार्ग आहेत आणि एकाच इंजिनासाठी बहुधा चारही लागतात.

रासायनिक रिमूव्हर हा पत्र्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या भागांसाठी सोयीचा, कारण तो धातूला झिजवत नाही. बाजारात मिळणाऱ्या जोरकस रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा मेथिलीन क्लोराइड असते. हे द्रव्य सुमारे ४० अंश सेल्सियसला उकळते, म्हणून एप्रिल-मेच्या मुंबईत गच्चीवर ते रंगात मुरण्याआधीच उडून जाते. रिमूव्हर जाडसर लावून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद लपेटला तर त्याला काम करायला वेळ मिळतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद जागेत ती साचते आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याच द्रव्याने न्हाणीघरात काम करताना माणसे दगावलेली आहेत आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी रंग उतरवण्याच्या कामात त्याच्यावर बंदी घातली. निळ्या नायट्राइल हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार जाते. डब्यावरील घटक वाचून मेथिलीन क्लोराइड नसलेला, सावकाश काम करणारा रिमूव्हर मिळाला तर तोच घ्यावा, एक रात्र जास्त लागली तरी हरकत नाही.

पोलादी भागांसाठी घरी कॉस्टिकचे द्रावण करायचे झाल्यास एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम एवढे प्रमाण पुरते. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे सोडावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, कारण त्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते उसळून अंगावर येते. भांडे पोलादाचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. अॅल्युमिनियमचे पातेले घेतले तर काय होईल हे वर सांगितलेच आहे. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे यांशिवाय हे काम सुरूच करू नये, आणि शिंतोडा उडालाच तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे, डोळ्यात गेल्यास त्यानंतर थेट डॉक्टरांकडे जावे.

तिसरा मार्ग विजेचा आहे आणि गंजलेल्या बिडाच्या व पोलादाच्या भागांसाठी मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात गंज सुटतो पण चांगला धातू झिजत नाही. प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरून दर चार लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरीच्या जुन्या पद्धतीच्या १२ व्होल्टच्या चार्जरचा काळा, म्हणजे ऋण, चिमटा गंजलेल्या भागाला लावावा आणि लाल चिमटा साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी आणि भाग एकमेकांना टेकता कामा नयेत. भागावरून बुडबुडे निघू लागले की काम सुरू झाले असे समजावे आणि गंजाच्या जाडीप्रमाणे काही तास ते एक रात्र तसेच ठेवावे. लाल बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे असल्यामुळे टब उघड्यावर ठेवावा आणि चिमटे हलवण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करावे. नव्या प्रकारचे स्वयंचलित चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यामुळे जुना चार्जर एखाद्या मिस्त्रीकडून मागून आणावा लागतो. अॅल्युमिनियम या टबात घालू नये. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे मुख्य बोल्टही घालू नयेत, कारण हायड्रोजन शोषून असे पोलाद ठिसूळ होते.

चौथा मार्ग ब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण भागावर मारण्याचा. औद्योगिक गाळ्यांत हे काम तासाभरात होते आणि भाग राखाडी, एकसारखा होऊन येतो, म्हणून मोह होतो. परंतु इंजिनाच्या बाबतीत माझा सल्ला सावधगिरीचा आहे. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला, इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी, पत्र्याचा पडदा असतो आणि त्याच्यामागे शिरलेले कण कितीही फुंकर मारली तरी पूर्ण निघत नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर ते खाली उतरतात आणि बेअरिंगवर चरे पाडतात. ज्या ब्लॉकचे तेलाचे मार्ग पूर्ण उघडून धुतले जाणार नाहीत तो ब्लॉक ब्लास्टिंगला देऊ नये, आणि चेंबर व टॅपेट कव्हर दिलेच तर आतील बाजू घट्ट बंद करून द्यावी. पातळ पत्रा जोराच्या माऱ्याने वाकतो, म्हणून काचेचे बारीक मणी आणि कमी दाब मागावा. जिथे अजूनही साधी वाळू वापरली जाते तिथे काम देऊच नये, कारण तिच्या धुळीने कामगाराला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही.

यांशिवाय हातात राहतो तो वायरब्रश आणि पॉलिश पेपर. ग्राइंडरला लावलेल्या वायरब्रशच्या तारा सुटून गोळीच्या वेगाने उडतात, तेव्हा चेहरा झाकणारी काच लावावी. अॅल्युमिनियमच्या पॅकिंगच्या बाजूवर पोलादी ब्रश अजिबात फिरवू नये, तिथे प्लॅस्टिकची पट्टी आणि संयम एवढेच चालते.

सर्व रंग निघाल्यावर भाग उजेडात फिरवून नीट पाहावा. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी, पुलीच्या मध्यावर आणि ब्रॅकेटच्या कोपऱ्यांत बारीक तडे असतात ते याच वेळी दिसतात. पंख्याला तडा दिसला तर तो वेल्डिंग करून वापरू नये, बदलावा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना पण शाबूत पंखा मिळू शकतो, मात्र तिथेही तो स्वच्छ करून दाखवायला सांगूनच घ्यावा. खड्डे भरण्यासाठी दरवाजाच्या पत्र्यावर वापरतात ती लांबी (पुटी) इंजिनाच्या भागांवर लावू नये, उष्णतेने आणि थरथरीने ती सुटते. गंजाचे बारीक खड्डे दिसत असतील तर दिसू द्यावेत.

मुंबईची हवा

ऊन नसताना आणि हवेत खाऱ्या समुद्राचा दमटपणा असताना उघडे पडलेले बीड तासाभरात तांबूस होऊ लागते. म्हणून शेवटचे धुणे झाल्यावर भाग फडक्याने पुसून लगेच हेअर ड्रायरने गरम करावा, थिनरने पुसावा आणि त्याच दिवशी प्रायमरखाली आणावा. ‘आज साफ करू, रविवारी रंगवू’ हा बेत या शहरात चालत नाही. तेवढा वेळ मिळणारच नसेल तर तेलाचा पातळ हात देऊन भाग पिशवीत गुंडाळावा आणि रंगवायच्या दिवशी पुन्हा तेल काढण्यापासून सुरुवात करावी.

रंगकामातील सर्वमान्य नियम असा आहे की हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील ओल दव होऊन जमते त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी अधिक असावे. ऑगस्टमधील एखाद्या दुपारी तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो, म्हणजे आपण अगदी काठावर उभे असतो आणि एक सर येऊन गेली की काठाच्या पलीकडे जातो. अशा हवेत मारलेल्या रंगावर दुधाळ छटा येते आणि खाली अडकलेली ओल पुढे फोड आणते. जून ते सप्टेंबर हे महिने खोलणे, खरवडणे, पॅकिंग व सुटे भाग जमवणे यांसाठी ठेवावेत, आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळचे दव उडाल्यानंतर अकरा ते चारच्या दरम्यान मारावा. पावसाळ्यातच रंगवणे भाग असेल तर धातू हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावा. कॉम्प्रेसर वापरत असल्यास टाकीतील पाणी रोज सोडावे आणि नळीत पाणी अडवणारा फिल्टर बसवावा, नाहीतर गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

झाकायचे काय

पॅकिंग बसण्याच्या सर्व बाजू, बेअरिंगच्या जागा, पुलीची पट्ट्याची खोबण, आटे आणि अर्थिंगच्या पट्टीची जागा रंगविरहित राहिली पाहिजे. अर्थिंगची जागा रंगवली गेली तर सुंदर दिसणारे इंजिन स्टार्टरला दाद देत नाही आणि मालक बॅटरीला दोष देत बसतो. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवावेत, ग्रीस भरू नये, कारण ते ओघळून रंगाखाली जाते. सपाट बाजूवर मास्किंग टेप लावून कडेने छोट्या हातोडीने हलकेच टोकत गेले की टेप धारेवर अचूक कापली जाते. बोल्टच्या डोक्याखाली येणाऱ्या जागेवरही रंगाचा जाड थर नको, कारण तो दाबला जाऊन नंतर बोल्ट सैल पडतो.

इंजिन क्रमांक कोरलेल्या जागेविषयी विशेष काळजी घ्यावी. तिथे ग्राइंडर, कानस किंवा ब्लास्टिंग अजिबात नको. ती जागा केवळ रिमूव्हर आणि मऊ ब्रशने साफ करावी आणि तिच्यावर अंक भरून जाणार नाहीत असा एकच पातळ हात द्यावा. परिवहन कार्यालयातील तपासणीत अंक अस्पष्ट किंवा घासलेले दिसले तर प्रामाणिक मालकालाही खुलासे देत बसावे लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली आणि मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या वाटेने जायचे असेल तर या क्रमांकाचे महत्त्व आणखी वाढते.

रंगाची निवड आणि रंगवणे

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा ब्लॉक साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास राहतो, तर जळलेला वायू बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. या दोघांसाठी एकच डबा विकणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. ब्लॉक, टॅपेट कव्हर, चेंबर आणि पुली यांच्यासाठी इंजिन इनॅमल म्हणून मिळणारा, निदान १५० अंश सोसणारा रंग पुरतो. दरवाजा-खिडकीसाठीचे साधे इनॅमल उष्णतेने पिवळे पडते आणि कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचा थेंब पडताच मऊ होते. हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग पेट्रोलला उत्तम टिकतो, परंतु त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो रंग हवा असेल तर सोय असलेल्या कारखान्यातच मारून घ्यावा.

बीड आणि पोलादाला झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमर, आणि अॅल्युमिनियमला रंगवायचेच असेल तर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कुरतडून धरणारा प्रायमर, द्यावा. एच प्रायमरवर इपॉक्सी चढवू नये. अॅल्युमिनियमचे हेड आणि थर्मोस्टॅटचे झाकण मुळात रंगवूच नये या मताचा मी आहे. स्वच्छ, मंद चमकीचे उघडे अॅल्युमिनियम बिडाच्या रंगीत ब्लॉकवर जसे शोभते तसे कोणतेही चंदेरी इनॅमल शोभत नाही, आणि काही वर्षांनी पिवळे पडणारे लॅकर तर त्याहून नको.

रंग दोन किंवा तीन पातळ हातांत, मधे १० ते १५ मिनिटे सोडून मारावा. पहिला हात अर्धवट झाकणारा, धुरकट दिसला तरी चालतो. तोच पुढच्या हातांना धरून ठेवतो. स्प्रेचा डबा साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर धरून भागाच्या कडेच्या बाहेरून सुरुवात करावी आणि बाहेरच थांबावे. आधी खाचाखोचा, मग सपाट भाग. ब्लॉकसाठी चांगल्या प्रतीचा ब्रशही पुरतो. ओतीव बिडाच्या खरखरीत अंगावर त्याच्या रेषा उठून दिसत नाहीत. रंग मारताना शेजाऱ्यांच्या खिडक्या, गॅसचे सिलिंडर आणि सोसायटीचे सचिव या तिघांचाही आधी विचार करावा आणि सेंद्रिय वाफ अडवणारा मुखवटा वापरावा. कापडी मास्क या वाफेपुढे निरुपयोगी आहे. रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत, कारण इनॅमलने भिजलेली फडकी आपोआप तापू शकतात.

टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनरच्या डब्यासाठी पावडर कोटिंग हा चांगला पर्याय आहे. ते १८० ते २०० अंशांवर भाजले जाते, म्हणून आधी सर्व रबर आणि कॉर्क काढावे. थर जाड असल्याने पॅकिंगची बाजू झाकायला सांगावी. रेडिएटरच्या जाळीला मात्र जाड रंग कधीच देऊ नये. तिथे काळ्या मंद रंगाचा एक विरळ फवारा पुरे, कारण जाड थर उष्णता बाहेर पडू देत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी ६०० अंश सोसणारा सिलिकॉनवर आधारित रंग घ्यावा आणि डब्यावर वेगळे सांगितले नसेल तर तो प्रायमरविना थेट उघड्या बिडावर मारावा. हा रंग हवेत सुकलेला दिसला तरी भाजल्याशिवाय पक्का होत नाही. डब्यावरील सूचनेप्रमाणे तापमान टप्प्याटप्प्याने वाढवावे, आणि भट्टी नसेल तर गाडीला बसवून इंजिन थोडा वेळ चालवावे, पूर्ण गार होऊ द्यावे, मग अधिक वेळ चालवावे, असे तीन-चार वेळा करावे. या वेळी धूर आणि उग्र वास येतो, म्हणून गाडी उघड्यावर न्यावी. स्वयंपाकघरातला ओव्हन या कामाला घेतला तर तो परत स्वयंपाकघरात नेऊ नये.

जोडणी

इनॅमल हाताला सुकल्यासारखे लागले तरी आतून पक्के व्हायला सहसा आठवडाभर लागतो. त्याआधी टॅपेट कव्हरवर कॉर्कचे पॅकिंग आवळले तर ते रंगाला चिकटते आणि पुढच्या वेळी कव्हर काढताना रंगाचा पट्टा सोबत घेऊन येते. नटबोल्ट रंगवण्यापेक्षा झिंक प्लेटिंग करून घ्यावेत, म्हणजे पान्याने कोपऱ्यांचा रंग उडण्याचा प्रश्नच राहत नाही. पुलीवरील टायमिंगची खूण पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषेने भरून घ्यावी. जोडताना सर्व पॅकिंग नवीन घालावे आणि टॅपेट कव्हरचे नट बेताने आवळावेत, कारण जास्त आवळल्याने पत्रा वाकतो आणि तेल गळायला लागते.

पहिल्यांदा इंजिन तापल्यावर थोडा वास येईल, तो जाईल. गाडी पूर्ण गार झाल्यावर मॅनिफोल्डचे आणि टॅपेट कव्हरचे नट पुन्हा तपासावेत, कार्ब्युरेटरच्या खालची बाजू कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी आणि फडक्याला पेट्रोल लागले तर गळती आधी थांबवावी, मग तिथला रंग दुरुस्त करावा. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकणाने ठेवून द्यावा, म्हणजे पुढील सर्व्हिसिंगला पाना घसरून उडालेला टवका बारीक ब्रशने लगेच झाकता येईल.